‘अंदाजे’ लिहिणं म्हणजे हातचं राखून देणं

शेवटचा घाणा :
यंदा दिवाळीत माझ्या चकल्या तेलात विरघळल्या. सोऱ्यातून पडताना काटा सुरेख येत होता, वेटोळं मोडत नव्हतं, आणि कढईत सोडल्यावर दोन मिनिटांत नुसता चुरा तरंगायला लागला. दोन किलो भाजणी होती. तांदूळ धुऊन सावलीत वाळवलेले, डाळी वेगवेगळ्या भाजलेल्या, गिरणीत रांगेत उभं राहून दळून आणलेली. कृती घरातल्याच एका ज्येष्ठ बाईंनी सांगितली होती, ती मी शब्दशः उतरवून घेतली होती : ‘तांदळाच्या निम्म्याहून जरा कमी हरभरा डाळ, मूग-उडीद अंदाजे, मोहन बेताचं, पाणी लागेल तसं.’ फोन करून विचारलं, बेताचं मोहन म्हणजे पिठात किती कडकडीत तेल? म्हणाल्या, ‘अगं, हाताला कळतं.’

त्यांच्या हाताला कळतं. माझ्या हाताला कळत असतं तर मी कृती मागितलीच नसती.

माझं म्हणणं सरळ आहे. कृती देणाऱ्याने आकडा दिला पाहिजे. किती वाट्या, ती वाटी केवढी, किती मिनिटं. ‘चवीनुसार’, ‘अंदाजे’, ‘बेताने’ हे शब्द लिहिणारा अर्धीच विद्या देतो आणि उरलेली अर्धी स्वतःकडे ठेवतो. आपल्याकडे हे कौतुकाने चालवून घेतलं जातं, ‘तिच्या हाताला चव आहे’ म्हणून. चव हाताला नसते, प्रमाणाला असते. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि अजून घराघरांत वापरलं जातं, ते कशामुळे? वाटी-चमच्याचं प्रमाण सांगितलं म्हणून. माहेर-सासर दोन्ही लांब असलेल्या कितीतरी बायका त्यावर स्वयंपाक शिकल्या.

आजरा घनसाळ :
तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून एकेरी लिहिते. ‘हातचं राखून’ हे मला लागलं. माझ्या सासूबाईंनी मला कधी आकडा सांगितला नाही, पण दोन वर्षं चुलीशेजारी उभं केलं. पीठ मळून माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, हे लक्षात ठेव. त्याला हातचं राखणं म्हणायचं?

आता तुझ्या आकड्याबद्दल. मी आजऱ्याकडची, आमचा घनसाळ तांदूळ घरचा. गणपतीत मोदकाची उकड काढतो तेव्हा तांदूळ मागच्या सुगीचा असतो, वर्ष होत आलेलं असतं त्याला. तो पाणी पितो. वाटीला वाटी पाणी घातलं की उकड मऊसूत येते. तोच मोदक मार्गशीर्षात कर, नव्या भाताच्या पिठाचा. वाटीला वाटी पाणी घातलंस तर उकड हाताला चिकटेल, पारी वळणारच नाही. आकडा तोच, तांदूळ तोच, शेतही तेच. मग ‘एक वाटी पाणी’ लिहून मी तुला खरं सांगितलं की खोटं?

शेवटचा घाणा :
काकू, तुम्ही आत्ता जे लिहिलंत ना, तेच मला हवं आहे. ‘जुन्या तांदळाला वाटीला वाटी, नव्याला त्याहून कमी.’ हे एक वाक्य मला कुणी आजवर सांगितलं नव्हतं. तुम्हाला सासूबाई दोन वर्षं शेजारी होत्या. मी भाड्याच्या घरात राहते, संध्याकाळी सातला घरी पोचते आणि माझ्याशेजारी उभं राहायला कुणीही नाही. माझ्यासाठी लिहिलेला कागद हाच गुरू. तो कागद ‘लागेल तसं’ म्हणाला तर मी काय करायचं?

रसशाळा :
दोन्ही बाजू वाटीवरच भांडताहेत, म्हणून मध्ये पडतो. शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, घरी रविवारचा स्वयंपाक माझा. वाटी हेच मुळात कच्चं माप आहे. पीठ चाळून अलगद भरलं आणि तेच दाबून भरलं, तर एकाच वाटीत पाव हिश्श्याचा फरक सहज पडतो. भाजणीसारख्या पिठात तेवढ्यावर चकली कडक की मऊ हे ठरतं. परदेशी कृती वाचणाऱ्यांची गत याहून वाईट : अमेरिकेतला कप साधारण २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५०चा, आणि तिथला मोठा चमचा २० मिलिलिटरचा, जो इतरत्र बहुधा १५चा असतो.

मोजायचंच असेल तर वजन करा. साधा स्वयंपाकघरातला काटा घ्या, ग्रॅममध्ये लिहा. आपल्या आज्या तरी काय करत होत्या? शेर, अच्छेर, पावशेर, छटाक, तोळा. मोहरीसुद्धा तोळ्यात मोजून लोणचं घालायच्या. ‘अंदाजे’ ही काही आपली प्राचीन परंपरा नव्हे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला किलो-लिटर सक्तीचे झाले, शेर आणि चिपटं-मापटं घरातून गेलं, त्याच्या जागी नवं माप मात्र प्रत्येक स्वयंपाकघरात आलं नाही. मधली पोकळी मुठीने आणि चिमटीने भरली, असं माझं मत आहे.

बोअरचं पाणी :
सर, वजन मान्य. पण ‘चार शिट्ट्या’चं काय करणार? मी लातूर जिल्ह्यातला. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचं जड पाणी येतं, त्यात तुरीची डाळ सहा शिट्ट्यांनीही बोटचेपी होत नाही. पाण्यातल्या क्षारांमुळे दाणा कडकच राहतो. हीच डाळ बहिणीकडे पुण्यात तीन शिट्ट्यांत लोणी होते. त्यात कुणी वरण शिजायच्या आधीच चिंच किंवा टोमॅटो टाकला की संपलंच, आंबटात डाळ शिजत नाही.

शिवाय शिट्टी म्हणजे घड्याळ नाही. गॅस मोठा असेल, कुकरमध्ये पाणी कमी असेल, तर भराभर शिट्ट्या होतात आणि आतलं कच्चं राहतं. मी काकूंच्या बाजूचा. डाळीचा दाणा बोटात धरून बघा, तेवढंच खरं.

रसशाळा :
शिट्टीबाबत तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून मिनिटं मोजावीत. पण बघा, ‘बोटात चेपून बघा’ ही खूण आहे, आणि खूणसुद्धा लिहिता येते. ‘हाताला कळतं’ ही खूण नव्हे. एवढाच माझा आग्रह.

कमी मीठ :
मला या वादात चवीचं काही म्हणायचं नाही. माझ्या वडिलांना रक्तदाब आहे आणि मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला आहे. डॉक्टरांनी मीठ मोजून द्यायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट छोट्या चमच्याहूनही थोडं कमी. त्यात भाजी, आमटी, भाकरी, लोणचं, पापड सगळं आलं. आईने चाळीस वर्षं मीठ चिमटीने टाकलं. आम्ही पहिल्यांदा तिची चिमूट काट्यावर ठेवली तेव्हा चौघांच्या आमटीतलं मीठ बघून ती खाली बसली. म्हणाली, मी इतकं घालत होते?

तिने कुणापासून काही राखलं नव्हतं. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. म्हणून मूळ धाग्यातला आरोप मला पटत नाही, मागणी मात्र पूर्ण पटते. ‘चवीनुसार मीठ’ हे शब्द आमच्या घरातून आता गेले आहेत.

सुगरण माहेरची :
हल्लीच्या मुलींना सगळं मोजून-मापून आयतं हातात लागतं. चार वेळा बिघडलं तर बिघडू दे की, पाचव्यांदा येईल. आम्ही नाही का शिकलो?

मस्कतची मिसळ :
मुलींना? मी चौतिशीचा पुरुष आहे, इथे खोलीत चौघं राहतो आणि चौघांचा स्वयंपाक आळीपाळीने आम्हीच करतो. चार वेळा बिघडवण्याइतका वेळ आणि पैसा ज्यांच्याकडे आहे त्यांनी खुशाल बिघडवावं. दोन किलो भाजणी म्हणजे आठवडाभराची मेहनत आहे, ताई. ती वाया गेल्यावर ‘पाचव्यांदा येईल’ म्हणणं मला निष्ठुर वाटतं.

आणि एक सांगतो. आईने मला कृती सांगताना ‘अंदाजे’च म्हटलं होतं. मग मी व्हिडिओ कॉल लावून तिला पिठलं करायला लावलं, आणि बेसन घालायच्या आधी प्रत्येक वेळी ‘थांब, मोज’ म्हणालो. ती वैतागली, पण तिने मोजलं. तिघांसाठी पाऊण वाटी बेसन, तीन वाट्या पाणी, आधी फोडणीत लसूण लाल होईतो. आता ते आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे आणि खोलीतला केरळचा मित्रही तेच बघून पिठलं करतो.

सुगरण माहेरची :
‘मुलींना’ हा शब्द मागे घेते. निष्ठुर मात्र नाही मी. हात पोळल्याशिवाय पोळी येत नाही, या मतावर ठाम आहे. आकडा समोर असला की माणूस पातेल्याकडे बघायचं सोडतो आणि कागदाकडे बघत बसतो. माझ्या सुनेचा शिरा करपला तेव्हा ती म्हणाली, ‘अजून दोन मिनिटं बाकी होती.’ वास येत होता, तरी दोन मिनिटं बाकी होती!

खानावळीची मुलगी :
इतका वेळ वाचत होते. लिहू की नको असं झालं, पण लिहिते.

माझे वडील आम्ही लहान असताना गेले. आईने कोल्हापुरात खानावळ चालवून तिघांना शिकवलं. गिऱ्हाईक यायचं ते तिच्या कांदा-लसूण मसाल्यासाठी. तो मसाला तिने आयुष्यात कुणाला सांगितला नाही. कांडायला द्यायची तेही दोन डंकांवर. मिरची आणि धणे एकीकडे, खडा मसाला दुसरीकडे, आणि घरी आणून रात्री दार लावून एकत्र करायची. कामाच्या बायकांनाही कळू नये म्हणून. शेजारच्या एका बाईने फार खोदून विचारलं तेव्हा तिनेही ‘अंदाजेच घालते मी’ असंच सांगितलं होतं.

हो, तिने हातचं राखलं. तिच्या नावावर घर नव्हतं, शेत नव्हतं, पदवी नव्हती. तेवढं एक प्रमाण होतं. ते वाटून टाकलं असतं तर समोरच दुसरी खानावळ निघाली असती आणि माझी फी भरली गेली नसती. मालकाने आपल्या वस्तूचं गुपित सांभाळलं तर तो धंदा म्हणायचा आणि बाईने सांभाळलं की कोता स्वभाव, हे मला चालणार नाही. कृती मागायचा हक्क तुम्हाला आहे. ती मिळालीच पाहिजे असा हक्क कुणालाही नाही.

शेवटचा घाणा :
तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. पोट ज्यावर चालतं ते राखणं वेगळं, हे माझ्या मूळ लिहिण्यात यायला हवं होतं. तिथे मी चुकले. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

पण घरातल्या घरात, सणाच्या फराळाची कृती प्रेमाने देताना तरी पूर्ण द्यावी, यावरून मी मागे हटणार नाही. आणि सुगरण माहेरची ताई, तुमच्या सुनेला मिनिटं लिहून दिली होती, ‘रवा बदामी होऊन वास सुटला की उतर’ ही खूण दिली होती का?

सुगरण माहेरची :
नव्हती दिली. मला वाटलं, ते काय सांगायचं!

वऱ्हाडी ठेचा :
‘ते काय सांगायचं’ म्हणून जे गाळलं जातं, त्यातच सगळं असतं. आमच्याकडे अनारसे तुपात सोडले की हसतात, म्हणजे विरघळून पसरतात. शेजारच्या काकूंनी मला तांदूळ तीन दिवस भिजवायला सांगितले, रोज पाणी बदलायला सांगितलं, गुळाचं प्रमाणही दिलं. पण हसायला लागले तर त्याच पिठात थोडी कोरडी पिठी मिसळायची, आणि कडक झाले तर दुधाचा हबका मारून पुन्हा मळायचं, हे सांगितलंच नाही. त्यांचे कधी बिघडतच नाहीत ना, मग आठवणार कसं? मी म्हणतो, कृतीत प्रमाणाइतकीच बिघडल्यावरची वाट लिहा. ज्याचं बिघडतं त्याच्याकडून कृती घ्यावी, असंच माझं मत झालं आहे.

रसशाळा :
उत्तम. मूळ प्रश्नाकडे येतो : चकली तेलात विरघळली याचा अर्थ बहुतेक मोहन जास्त झालं. मोहनाने पिठाचा धरबंध सुटतो. उरलेली भाजणी असेल तर टाकू नका. मोहन न घालता थोडी भाजणी उकळत्या पाण्यात भिजवा आणि बिघडलेल्या गोळ्यात मिसळा. आधी एकच चकली तळून बघा.

आजरा घनसाळ :
काल रात्री मी मुलाचा तो काटा काढला. माझी मूठ त्यावर पाच वेळा रिकामी केली. तांदूळ दरवेळी वेगळे आले, पण फार नाही. सहा-सात ग्रॅमचा फरक. मला वाटलं होतं, जास्त असेल. पन्नास वर्षांत मूठ ठरून गेली म्हणायची.

तुझ्यासाठी लिहिते. चकलीची भाजणी : तांदूळ एक किलो, हरभरा डाळ अर्धा किलो, मूग डाळ पाव किलो, उडीद डाळ सव्वाशे ग्रॅम, मूठभर धणे, दोन मोठे चमचे जिरे. सगळं वेगवेगळं भाजायचं, मंद आचेवर, रंग बदलू द्यायचा नाही, नुसता खमंग वास सुटला की उतरवायचं. उडीद जास्त भाजलास तर चकली कडवट लागते. एक वाटी पिठाला एक मोठा चमचा कडकडीत तेल, वर नाही. तेल घातल्यावर पीठ मुठीत दाबून बघ. मूठ उघडल्यावर मुटका जेमतेम टिकला पाहिजे. टणक गोळा झाला तर मोहन जास्त झालं, तिथेच थांब आणि पीठ वाढव. पाणी उकळतं घाल, पिठाच्या निम्म्याहून थोडं जास्त लागतं, पण एकदम ओतू नकोस. अर्धा तास झाकून ठेव. गोळा ओढून बघितला की तुटायच्या आधी जरा ताणला पाहिजे.

हा आकडा झाला. पण मी माझ्या मतावरून हललेली नाही, हे ध्यानात असू दे. नवा तांदूळ बाजारात आला की हे पाण्याचं माप बाजूला ठेव आणि हाताने बघ.

शेवटचा घाणा :
काकू, एकच विचारते. धुतलेले तांदूळ कितपत वाळवायचे? खडखडीत की किंचित ओलसर?

आजरा घनसाळ :
खडखडीत. दाताखाली कडक्कन मोडला पाहिजे.