सासूबाईंना (वय ८१, वॉकर) घेऊन अलास्का क्रूझ जमेल का?

कढीपत्ता

नमस्कार मंडळी. सासूबाई मे महिन्यात आमच्याकडे डॅलसला येतायत, सहा महिने राहतील. दोन्ही गुडघे गेलेले, ऑपरेशनला ठाम नकार. घरात वॉकर घेऊन फिरतात. बाहेर शंभरेक पावलं झाली की "जरा टेकू दे गं" सुरू होतं. कठडा असेल तर दोन पायऱ्या चढतात, तिसरीला थांबतात. डोकं मात्र तल्लख, रोजचं शब्दकोडं पेनाने सोडवतात.

नवऱ्याने जुलैत अलास्का क्रूझचं काढलंय. सिएटलहून सात रात्री: जूनो, स्कॅगवे, केचिकन, ग्लेशियर बे आणि परतताना व्हिक्टोरिया. नणंदेचं म्हणणं, "आईला बोटीवर नेऊन खोलीत बसवून ठेवणार का?" मला धास्ती आहे ती बाथरूमची. मागच्या वर्षी पुण्याच्या घरी बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या आणि मनगट मोडलं.

खोली कशी निवडायची, व्हीलचेअर तिथे मिळते की आपली न्यायची, आणि अशा माणसाला बंदरात खरंच उतरता येतं का? विचारलं की त्या म्हणतात, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते." हे खरं धरू का?

देवगडी

माझ्या आईला ७९व्या वर्षी याच मार्गावर नेलं होतं, त्यामुळे जरा लांबण लावतो.

तुमची धास्ती योग्य जागी आहे. जहाजावरच्या साध्या खोलीत बाथरूमला उंबरा असतो आणि तो घरच्यापेक्षा उंच असतो. आम्ही आधी हौसेने बाल्कनीवाली साधी खोली घेतली होती. मग बायकोने सहज विचारलं, दार किती रुंद? चौकशी केली तर जेमतेम २३ इंच. आईची खुर्ची २५ इंच. म्हणजे रोज खुर्ची बाहेर ठेवून आईला आत चालवत न्यायचं, आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये तर काही ठेवू देत नाहीत. ती रद्द करून ॲक्सेसिबल केबिन घेतली. दार रुंद, बाथरूमला उंबरा नाही, शॉवरमध्ये भिंतीला घडीची बैठक, जिथे हात जाईल तिथे दांडी. या खोल्या जहाजावर अगदी मोजक्या असतात आणि लवकर संपतात. जुलैचं जायचं असेल तर आज फोन करा. वेबसाइटवर चौकोनावर टिचकी मारून भागवू नका, क्रूझ कंपनीच्या अपंग प्रवाशांसाठीच्या विभागाशी बोला आणि ठरलेलं सगळं ईमेलवर मागून घ्या. खोली जहाजाच्या मधल्या भागात आणि लिफ्टजवळ मागा. मध्यावर हेलकावे कमी लागतात.

व्हीलचेअर आपलीच न्या किंवा भाड्याने घ्या. जहाजावरच्या खुर्च्या चढताना-उतरताना सोडायला असतात, सात दिवस ताब्यात मिळत नाहीत. आई आधी खुर्चीला तयारच नव्हती, "मी काय आजारी आहे?" जहाज ९०० फुटांच्या वर लांब आणि जेवायला जायचं तर पार दुसऱ्या टोकाला. पहिल्या संध्याकाळी स्वतःच म्हणाली, "आण ती गाडी."

आता बंदरं. प्रत्येक बंदराबद्दल एकच प्रश्न विचारा: जहाज धक्क्याला लागणार की टेंडर? टेंडर म्हणजे जहाज लांब नांगरून छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेणं. त्यात स्वतःच्या पायाने पाऊल टाकता आलं पाहिजे, खलाशी उचलून घेत नाहीत आणि समुद्र खवळला असेल तर सरळ नाही म्हणतात. तुमच्या यादीतली गावं बहुतेक धक्क्याची आहेत, पण आपल्या तारखेचं विचारून घ्याच. धक्का असला तरी भरती-ओहोटीचा खेळ असतोच. जूनोला पाणी दिवसात पंधरा-सोळा फूट वरखाली होतं, मुंबईच्या उधाणासारखंच. त्यामुळे सकाळी सपाट दिसलेला उतरायचा पूल दुपारी घसरगुंडी झालेला असतो. आम्ही आईला उलट्या तोंडाने, खुर्ची मागे धरून उतरवलं. दोन खलाशी मदतीला होते, तरी माझे तळहात घामेजले.

जूनोत धक्क्याजवळूनच माउंट रॉबर्ट्सची केबल कार निघते, १८०० फूट वर जाते, खुर्ची आत जाते. मेंडेनहॉल हिमनदीपाशी फोटोची जी जागा आहे तिथवर पक्की वाट आहे, तीही खुर्चीने झाली. केचिकनमध्ये पाऊस. कोकणातला माणूस, पावसाचं काय कौतुक, आम्ही उतरलोच नाही.

पण स्कॅगवेची रेल्वे सोडू नका. १९०० साली पूर्ण झालेली, तीन फुटी नॅरोगेज, माथेरानच्या गाडीची थोरली बहीण म्हणा. सोन्याच्या मागे धावणाऱ्यांसाठी बांधली. वीस मैलांत समुद्रसपाटीपासून २८०० फुटांच्या वर चढते. खुर्ची चढवायला लिफ्टवाला डबा असतो, तिकीट काढतानाच सांगावं लागतं. दरी एकाच बाजूला येते आणि परतताना सगळ्यांना जागा बदलायला लावतात. आईने नकार दिला, म्हणाली, "मी डोंगर बघते, दरी तुम्ही बघा."

सगळ्यात मोठा दिवस ग्लेशियर बेचा, आणि तिथे कोणीच उतरत नाही! दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना परवानगी असते. नॅशनल पार्कचे रेंजर जहाजावर चढून माहिती सांगतात आणि जहाज हिमनदीसमोर सावकाश फिरत राहतं. धडधाकट लोक डेकवर इकडून तिकडे धावत होते. आई पांघरूण घेऊन एका जागी बसली होती आणि हिमनदी फिरून तिच्यासमोर आली. नणंदबाईंना एवढं सांगा.

व्हिसा! अमेरिकेतल्या १८८६ च्या कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला अशा फेरीत एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं, म्हणून संध्याकाळी व्हिक्टोरिया. सासूबाई तिथे खोलीतून हलल्या नाहीत तरी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा मल्टिपल एंट्री हवा. कॅनडाच्या व्हिसाला वेळ लागतो, त्या भारतात असतानाच अर्ज करा.

शेवटचं: आमच्या जेवणाच्या टेबलाचा वेटर पेडण्याचा निघाला. चौथ्या दिवसापासून आईला वरण-भात मिळायला लागला. मेनूवर नव्हता.

खारे_वारे

देवगडींच्या टेंडरच्या मुद्द्याला दहा वेळा +१. आम्ही वडिलांना (७६, अर्धांगवायूनंतर डावा पाय ओढत चालतात) मुंबईहून गोवा-लक्षद्वीप फेरीला नेलं. बॅलार्ड पिअरला चढणं सोपं. गोव्यात जहाज मुरगावला लागलं, पणजी तिथून तासाभराच्या अंतरावर. आणि लक्षद्वीपला जहाज समुद्रात उभं, उतरायचं छोट्या बोटीत. बोट एक हात वर, एक हात खाली. वडिलांनी पाहिलं आणि मागे फिरले. बुकिंग करणाऱ्या एजंटाने "काका, सगळं व्यवस्थित होतं" एवढंच सांगितलं होतं. आई त्यांच्यासोबत थांबली, आम्ही दोघं बेटावर गेलो, निळं पाणी बघितलं आणि दिवसभर मनात खट्टू होतो. परत आलो तर ते दोघं रमी खेळत होते, वडील ४०० रुपये जिंकलेले.

आणि विमा काढा. जहाजावर दवाखाना असतो, हॉस्पिटल नसतं. गंभीर काही झालं तर हेलिकॉप्टर किंवा पुढचं बंदर. त्या खर्चाचं कलम पॉलिसीत वाचून घ्या.

पायरीपायरीने

फिजिओथेरपिस्ट आहे. दोन पायऱ्या चढतात हे चांगलं आहे, पण त्या उंच होत्या की बुटक्या? आत्तापासून रोज सहा इंचाच्या पाटावर चढ-उतार करायला सांगा, चांगला पाय आधी वर, दुखरा आधी खाली. दोन्ही दुखरे असतील तर कमी दुखरा तो चांगला.

बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, तोल जातो. या वयात रात्री बाथरूमला उठताना माणसं त्यामुळेच पडतात. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. कमोडची उंची वाढवणारी बैठक आधी सांगितली तर बहुतेक जहाजांवर मिळते. रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, कारण धक्क्यावर दिलेली बॅग खोलीत यायला संध्याकाळ होऊ शकते.

सुरक्षेच्या कवायतीच्या वेळी पायऱ्या उतरता येत नाहीत हे कर्मचाऱ्यांकडे नोंदवा. आग लागली तर लिफ्ट बंद असतात, कोणाला कसं न्यायचं हे त्यांना आधी कळलेलं बरं.

कढीपत्ता

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री व्हिडिओ कॉलवर हा सगळा धागा सासूबाईंना वाचून दाखवला. टेंडरचं ऐकून त्या हसल्याच. त्या मालवणच्या. लहानपणी मुंबईची आगबोट बंदरात लांब उभी राहायची आणि पडावातून तिच्यापर्यंत जायचं. "खलाशी काखोटीला मारून वर फेकायचे आम्हाला. तुमचा तो टेंडर म्हणजे पडावच की!" मग एकदम गप्प झाल्या. १९४७ ला रामदास बोट बुडाली तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या, पण घरात त्या बोटीचं नाव पुढे कितीतरी वर्षं कुजबुजत घेत, हे त्यांना आठवतं.

मी विचारलं, बोटीची भीती वाटते म्हणून नको म्हणताय का? तर म्हणाल्या, "बोटीची कसली? मला दर दीड तासाला जावं लागतं. तुमच्या त्या टूरच्या बसमध्ये सोय नसते. मग मी दिवसभर पाणी पीत नाही." गेल्या खेपेला न्यूयॉर्कला दोन दिवस चक्कर येत होती ती यामुळे, आणि आम्ही जेट लॅग म्हणत होतो. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

तर बस टूर एकही घेत नाही. देवगडी, रेल्वेच्या डब्यात टॉयलेट आहे का? खोलीचं आज बोलले, एकच ॲक्सेसिबल केबिन शिल्लक होती, बाल्कनी नाही, खिडकी आहे. घेतली.

देवगडी

डब्यात टॉयलेट आहे. तुमच्या डब्यातलं खुर्चीला पुरेल का, ते तिकीट काढताना विचारा. खिडकी पुरे, बाल्कनीत आई थंडीने दोनदाच गेली.

जहाजाच्या बाथरूममध्ये फक्त कागद असतो, तेव्हा प्लॅस्टिकचा मग आठवणीने न्या. आईने घरचा पितळी तांब्या आणला होता. सिएटलच्या तपासणीत त्या माणसाने तो हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. मी फुलदाणी म्हणून सांगितलं.