शिकलेली सून, भरलं घर, तरी दुखणं अंगावर काढते. असं का होतं?

रानजाई:
मी सातारा जिल्ह्यात आशाताईंबरोबर काम करते. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचे सीबॅक फॉर्म, म्हणजे शुगर, बीपी, कॅन्सर असे आजार लवकर कळावेत म्हणून घरोघरी विचारायचे प्रश्न, भरून घेताना एक गोष्ट सारखी दिसते. घर मोठं, सासू-सासरे, दीर-जावा सगळे एकत्र, सून बीए झालेली, आणि तरी अंगावरून जाण्याचा त्रास वर्षभर कुणाला सांगितलेला नसतो. त्याच घरात नवऱ्याला दोन दिवस ताप आला की तिसऱ्या दिवशी गाडी काढून तालुक्याला नेतात. मला वाटायचं शिक्षण आहे आणि घरात माणसं आहेत म्हणजे काळजी जास्त घेतली जात असेल. पुरुषांच्या बाबतीत तसं दिसतं, पण बायकांना त्याच घराचा तेवढा उपयोग का होत नाही? कुणी यावर वाचलंय का?

आकडेमोड:
एनएफएचएस-५ म्हणजे सरकारचा 2019-21 चा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे बघा. 15 ते 49 वयात रक्तक्षय बायकांमध्ये 57 टक्के, पुरुषांमध्ये 25. आता यात पाळी, बाळंतपण हे शरीराचं कारण आहेच, सगळं घरावर ढकलता येणार नाही. पण त्याच सर्व्हेत विचारलंय की बाजारात, दवाखान्यात आणि गावाबाहेर एकटीला जायची मुभा आहे का, तर तिन्ही ठिकाणी जाऊ शकणाऱ्या बायका फक्त 42 टक्के. म्हणजे पदवी असली तरी दवाखान्याला जायला सोबत लागते आणि सोबत कोण येणार तर ज्याला वेळ असेल तो, मग लाजेची दुखणी मागेच पडतात. 30 ते 49 वयातल्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कधीतरी झालेली, हे प्रमाण 1.9 टक्के. हे वाचून मला खरंच राग आला होता.

धाकटी_जाऊ:
एकत्र कुटुंब म्हणजे सगळ्यांना सारखं नसतं हो. खेड्यातल्या एकत्र घरांवर एक अभ्यास झालाय, त्यात एकाच घरातल्या थोरल्या आणि धाकट्या जावांची मुलं तुलना करून बघितली, तर धाकटीची मुलं सरासरीने उंचीला कमी निघाली. छप्पर एक, चूल एक, तरी फरक! कारण घरात धाकटीचा शब्द सगळ्यात शेवटी आणि ताटही शेवटी. मी स्वतः एमए आहे, माहेरी कधी असं जेवले नव्हते, इथे पहिली काही वर्षं उरलेलंच खाल्लं आणि ते चूक आहे हे मला तेव्हाही कळत होतं, पण कळून काय करणार, वाढणं माझ्या हातात नव्हतं.

पंचगंगा:
माझी आई रिटायर्ड शिक्षिका, बाबा गेल्यापासून कोल्हापुरात एकटी राहते, स्वतःची पेन्शन, स्वतःच रिक्षा करून डॉक्टरकडे जाते. मावशी दोन मुलं दोन सुनांच्या घरात, मोतीबिंदू पिकला तरी ऑपरेशन झालं नाही, "दिवाळी झाली की बघू" चालूय. त्यामुळे माझं मत, शिक्षणापेक्षा हातात पैसा असणं मोठं.

आकडेमोड:
@पंचगंगा पैशाचं पटलं. पण एकटं राहणं चांगलं असा अर्थ नको काढायला. ज्यांची तब्येत धड असते तेच एकटे राहू शकतात, गुडघे गेले की मुलाकडे यावंच लागतं. मग सर्व्हेत एकटे लोक ठणठणीत आणि मुलांकडचे आजारी दिसणार, तो घराचा दोष नाही. मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने 2017-18 मध्ये लासी नावाचा 45 वर्षांवरच्यांचा सर्व्हे सुरू केला, सत्तर हजारांच्या वर माणसं आहेत त्यात. त्याच माणसांना काही वर्षांनी पुन्हा विचारायचं असं ठरलंय ते याचसाठी, आधी काय झालं आणि मग काय हे कळायला.

नानासाहेब_क:
पुरुषांचंही बोला. तंबाखू आमच्यात 38 टक्के आणि बायकांत 9 च्या आसपास, त्याच एनएफएचएसमध्ये आहे. आमच्या पिढीतल्या पुरुषाची गोळी, पथ्य, डॉक्टरची तारीख सगळं बायकोच्या डोक्यात असतं. माझे थोरले बंधू इंजिनियर, वहिनी गेल्यावर शुगरची गोळी कुठली सकाळची कुठली रात्रीची हे त्यांना माहीत नव्हतं. सुनेला विचारायचा संकोच. शिक्षण तिथं काही कामी आलं नाही. त्यांना घराचा उपयोग होत होता म्हणता, तो घराचा नव्हता, एका बाईचा होता, आणि तिची शुगर कोण बघत होतं हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. नानासाहेब, तुमचं वाचून थांबले जरा. आता फॉर्मच्या मागे पेनाने दोन गोष्टी लिहून घ्यायचं ठरवलंय, दवाखान्यात एकटी जाऊ शकते का आणि त्यासाठी पैसे कुणाकडे मागावे लागतात. आणि @पंचगंगा, मावशींचं वय 70 च्या वर असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. फक्त आधारला मोबाईल नंबर कुणाचा जोडलाय ते आधी बघा, आमच्याकडे बहुतेक आज्यांचा ओटीपी मुलाच्या फोनवर जातो आणि मुलगा पुण्याला असतो.