मदत हवी आहे: मुलांच्या हॉरर फिल्मच्या सुरुवातीला मार्क कसे द्यायचे?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याजवळच्या एका हायर सेकंडरीत मराठी शिकवते. सिनेमाच्या तांत्रिक बाजूतलं मला काही म्हणजे काही कळत नाही हे आधीच सांगून टाकते. आमच्याकडे अकरावीच्या मुलांची स्पर्धा ठेवलीय, हॉरर नाहीतर थ्रिलर सिनेमाची फक्त सुरुवात करून आणायची, टायटल धरून दोन मिनिटं, मोबाईलवर शूट केलं तरी चालेल. परीक्षक ठरले होते ते आयत्या वेळी आजारी पडले आणि ते लोढणं माझ्या गळ्यात आलं. का, तर मी दरवर्षी इफ्फीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा, पास काढते! २००४ पासून इफ्फी गोव्यात भरतोय म्हणून पास गळ्यात घालणारा प्रत्येक जण जाणकार झाला का? निम्मे सिनेमे मी एसीत डुलक्या काढत बघितलेत.

अकरा फिल्म आल्यात, शनिवारपर्यंत मार्क द्यायचेत, आणि मुलं कारण विचारणार, "टीचर, आमचे चार मार्क खंय गेले?" तेव्हा काय सांगू ते कळत नाहीये.

सात जणांकडे पडकं घर आहे, चार जणांकडे आरसा. रक्त ओघळणारी लाल अक्षरं जवळजवळ सगळ्यांकडे. एकाच्या ॲपने जोडाक्षरं फोडलीत, टायटलमधल्या "रक्त" शब्दात क पाय मोडून एकीकडे पडलाय आणि त दुसरीकडे, मराठीच्या बाईला खरी भीती तिथंच वाटली. एकात सगळं कुणाच्या तरी डोळ्यांतून दाखवलंय, कॅमेरा इतका हलतो की मला अनमोड घाटात गाडी लागते तसं झालं.

अडलंय ते दोन फिल्मवर. पहिली एकदम चकाचक. कुणाच्या तरी मामाचा ड्रोन आहे, नदीवरचं धुकं, निळसर रंग, मोठं म्युझिक, आणि शेवटी धाडकन आवाज होऊन एक चेहरा अंगावर येतो. मी खुर्चीतून उडालेच.

दुसरी पावसात, लाईट गेलेली असताना आजीच्या घरात काढलीय. मुलगी सोप्यावर, म्हणजे बाहेरच्या ओसरीवर, बसून मोबाईलच्या उजेडात अभ्यास करतेय. लांबून पदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, हॉर्न येतो, पों पों. ती वरसुद्धा बघत नाही, आपल्याला रोजचंच ते. मग मोबाईलवर वेळ दिसते, रात्रीचे २:४०. परत हॉर्न, आता जवळ. ती आत पळते, दार लावते, कडी घालते, आणि पावाची पिशवी त्या कडीलाच अडकवलेली असते. आतून. तिथंच टायटल. पण अर्ध्या फिल्ममध्ये नुसता काळोख आहे, चेहरा दिसत नाही, आणि मुलगी डावीकडे पळत जाते ती आत येताना भलत्याच बाजूने येते.

दचकले पहिलीला, झोप उडवली दुसरीने. मग मार्क कशाला द्यायचे? भीतीला की कामाला? आणि पदेर माझ्या दारातला आहे म्हणून मी पक्षपात करतेय का?

प्रतिसाद १

बाय, मी म्हापशात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्यामुळे थोडं सांगू शकतो. प्रत्येक फिल्म दोनदा बघा. एकदा आवाज पूर्ण बंद करून, आणि एकदा डोळे मिटून, नुसता आवाज ऐकायचा. दचकवणं ही काय कला नाही हो, पाच सेकंद शांतता ठेवून मग भांडं आपटलं तर मांजरसुद्धा उडतं. आवाज काढून घेतला की त्या चेहऱ्यात काय उरतं ते बघा. आणि डोळे मिटून ऐकताना हे बघा की आवाज त्या जागेचे आहेत की डाउनलोड केलेले, म्हणजे पाऊस पत्र्यावर पडतोय की कौलांवर, दार लाकडी वाजतंय की नाही. खोलीचा स्वतःचा एक आवाज असतो, काही न बोलता अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवायचा आणि कटांखाली अंथरायचा. मुलं तो विसरतात मग प्रत्येक कटला आवाज तुटतो.

काळोखाचं म्हणाल तर तो मोबाईलचा दोष. ऑटोवर ठेवला की उजेड कमी झाल्यावर कॅमेरा स्वतःच ढवळाढवळ करतो, चित्रात मुंग्या येतात. रात्रीचा सीन तिन्हीसांजेला काढायचा आणि नंतर अंधार करायचा, सोपं आहे. ह्याचे मार्क कापा, पण थोडेच. डाव्या-उजव्याचे मात्र कापा, ते फुकट सुधारता येतं.

प्रतिसाद २

टीचर, मी आखातात एका शाळेत मीडिया स्टडीज शिकवायचो, आता परत मडगावात. तुमची स्पर्धा कुणी ठरवली माहीत नाही पण इंग्लंडच्या ओसीआर परीक्षा बोर्डाच्या जुन्या एएस कोर्समध्ये (आपल्या अकरावीसारखा) अगदी हेच काम असायचं, नव्या सिनेमाची टायटलसकट सुरुवात, जास्तीत जास्त दोन मिनिटं. १०० पैकी २० मार्क तयारीला, ६० प्रत्यक्ष फिल्मला आणि २० मुलांनी स्वतः केलेल्या मूल्यमापनाला. म्हणजे "भीती वाटली का" ह्याला वेगळे मार्कच नाहीत. मुलांना विचारलं जायचं की तुम्ही ह्या प्रकारच्या सिनेमांचे संकेत कुठं वापरले, कुठं मोडले, प्रेक्षक कोण, त्याला धरून कसं ठेवलं. तुमची पदेरवाली मुलगी ह्या प्रश्नाला काय उत्तर देते ते ऐका.

आणि त्या कोर्समध्ये आधी एक छोटा सराव असायचा. एकाने दार उघडायचं, खोली ओलांडायची, दुसऱ्यासमोर खुर्चीत बसायचं, दोन वाक्यं बोलायची. बस. त्यात डावं-उजवं, हालचाल चालू असतानाच घेतलेला कट, समोरासमोरचे शॉट सगळं कळतं. पुढच्या वर्षी हा आधी करून घ्या, निम्म्या चुका तिथंच जातील.

प्रतिसाद ३

अकरा फिल्मा आणि एकातपण आपला गावचा राखणदार देवचार नाही?? बाहुल्या आणि आरसे घेऊन बसलीत गोंयची पोरं. सायबा!

प्रतिसाद ४

त्या गाडी लागणाऱ्या फिल्मबद्दल. १९७८च्या 'हॅलोवीन'ची सुरुवात पण खुन्याच्या डोळ्यांतून आहे, आणि शेवटी मुखवटा काढल्यावर कळतं की तो सहा वर्षांचा पोरगा आहे. डोळे कुणाचे हे लपवण्याला तिथं कारण आहे. तुमच्या मुलांना एवढंच विचारा की हे डोळे कुणाचे. "माहीत नाही टीचर, भारी दिसतं म्हणून" असं आलं तर मार्क ठरले.

आणि पक्षपाताचं टेन्शन घेऊ नका. पदेराचा हॉर्न त्यांनी शोधला, तुमच्या मनात नव्हता. ओळखीची गोष्ट फक्त वेळ बदलून उलटी केलीय, त्यासाठी एक रुपया खर्च नाही.

धागाकर्ती

सगळ्यांना देव बरें करूं! काल रात्री बसले. आवाज बंद केल्यावर ड्रोनवाली फिल्म म्हणजे पर्यटन खात्याची जाहिरात वाटायला लागली, शेवटच्या चेहऱ्याला तर मी हसले. पण तिच्यात कट फार नीट आहेत आणि टायटल अगदी जागच्या जागी येतं, ते मी आधी बघितलंच नव्हतं. पदेरवालीत डोळे मिटून ऐकल्यावर कळलं की हॉर्न प्रत्येक वेळी थोडा वेगळा आहे, पहिला रस्त्यावरचा, दुसरा अंगणातला. विचारल्यावर मुलगी म्हणाली, भाऊ सायकल घेऊन पावसात उभा होता, दोनदा भिजला. तयारीच्या वीसातले एकोणीस तिथंच दिले. डाव्या-उजव्याचे पाच कापले आणि तिला चित्र काढून दाखवलं, मलाच कालपर्यंत माहीत नव्हतं!

प्रतिसाद ३, देवचार आहे हो एकात. खांद्यावर कांबळं, हातात दांडा, पायात स्पोर्ट्स शूज. शिवाय राखणदाराला खुनी केला म्हणून आमचे एक सर नाराज आहेत, ते प्रकरण वेगळंच चाललंय.

आता नवीन अडचण. सगळ्या फिल्म शनिवारी सकाळी अकराला हॉलमध्ये दाखवायच्यात, खिडक्यांना पडदे नाहीत. काळोखातली फिल्म उन्हात कशी दिसणार? फोंड्यात कुणाकडे काळे पडदे मिळतील का?

प्रतिसाद ५

नाटकवाल्यांना विचारा, काळ्या विंगा असतात त्यांच्याकडे. मेसेज करतो, आमच्या गावातल्या मंडळाच्या आहेत. फक्त जत्रेच्या आधी परत पाहिजेत, आणि खिळे मारायचे नाहीत.