फोरक्लोजरच्या (हप्ते थकल्याने बँकेने जप्तीला काढलेल्या) घरांचे पत्ते इन्व्हेस्टरला देऊन खरंच पैसे मिळतात का?

मृद्गंध_एनजे:
नमस्कार मंडळी, हा प्रश्न आधी कुणी विचारला असेल तर सांगा, मला काही सापडलं नाही. आम्ही न्यू जर्सीत असतो, नवरा नोकरीच्या एच१ व्हिसावर, मी बायको म्हणून एच४ वर, ईएडी (कामाची परवानगी) येऊन सहा महिने झाले पण नोकरीचं काही जमेना. ओळखीतले एक काका आहेत, जुनी घरं घेतात, दुरुस्त करतात, विकतात. ते म्हणाले घरीच असतेस ना, मग फोरक्लोजरमध्ये आलेल्या घरांचे पत्ते काढून दे, डील झालं की घरामागे ५०० डॉलर तुझे. याला म्हणे बर्ड डॉग म्हणतात, म्हणजे शिकारीत पक्षी हुडकून देणारा कुत्रा. ते नाव ऐकल्यापासून नवरा दोन दिवस हसतोय. त्यात यूट्यूबवर एक जण ९९७ डॉलरला कोर्स विकतोय, सोबत दर आठवड्याला 'सिक्रेट लिस्ट' देणार म्हणतो. घेऊ का? आणि हे सगळं कायद्यात बसतं ना? काकांना विचारलं तर ते नुसते हसले.

जुना_खेळाडू_टेक्सास:
कोर्स अजिबात घेऊ नका. सिक्रेट कसली, ती लिस्ट काउंटीत उघडी पडलेली असते. तुमच्याकडे फोरक्लोजर कोर्टातून होतं, बँकेने केस टाकली की लिस पेंडन्स नावाचा, या घरावर दावा चालू आहे असं सांगणारा कागद काउंटी क्लर्ककडे नोंदवला जातो, आणि प्रकरण लिलावापर्यंत गेलं की घर शेरिफ सेलच्या, म्हणजे काउंटीच्या शेरिफने करायच्या लिलावाच्या, यादीत येतं, ती यादीही कुणालाही बघता येते. आमच्या टेक्सासात बहुतेक वेळा कोर्टाचा संबंधच येत नाही, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी लिलाव, किमान २१ दिवस आधी नोटीस, संपलं.

मी दोन वर्षं केलंय हे. पहिल्या वर्षी १४० पत्ते पाठवले आणि पैसे आले दोनदा. बाकी सगळ्यांना इन्व्हेस्टरचं एकच उत्तर, "हे माझ्याकडे आधीच होतं." आधी राग यायचा, पण खरंही असेल, तीच यादी सगळा गाव बघतोय. जे दोन लागले ते यादीतले नव्हतेच. एक घर रोज कुत्र्याला फिरवताना दिसायचं (हो, बर्ड डॉग आणि खरा डॉग, तुमच्या मिस्टरांना सांगा), पोर्चमध्ये पिशवीसकट पडलेली वर्तमानपत्रं, गवत गुडघ्याएवढं, दारावर सिटीची नारिंगी चिठ्ठी आणि तिची अक्षरं पावसाने धुऊन गेलेली. टॅक्स रेकॉर्ड काढलं तर मालकाचा टपालाचा पत्ता दुसऱ्याच राज्यातला. पत्र टाकलं, फोन आला, आईचं घर होतं, ती गेली, भावाभावांत कुणी हप्ते भरेना. मग मी बोलून किमतीचा अंदाज घेतला आणि इन्व्हेस्टरशी गाठ घालून दिली. पैसे त्याचे मिळाले. नुसते पत्ते पाठवून कुणी देत नाही हो.

लायसन्सवाली_वहिनी:
दादा, शेवटची तीन वाक्यं पुसून टाका आधी :) मालकाशी किमतीचं बोलायचं, विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची गाठ घालायची आणि सौदा झाला की त्यावर पैसे घ्यायचे, हे काम इथे लायसन्सचं आहे. टेक्सासातसुद्धा. म्हणजे पैसा जिथे आहे नेमकं तिथेच लायसन्स आडवं येतं, यूट्यूबवाला हे सांगणार नाही.

मृद्गंध, मी न्यू जर्सीत एजंट आहे म्हणून मला इथलं माहीत आहे. काकांची 'डील झालं तर ५००' ही अट तिला बर्ड डॉग म्हणा की मांजर म्हणा, दिसते कमिशनसारखीच. सरकारी नोंदी शोधून तक्ता करून दिला आणि त्याचे तासावर पैसे घेतले, डील होवो न होवो, तर ते डेटाचं काम झालं, ते बरंच सोपं. तरी काकांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो एकदा वकिलाला दाखवा. हीच लाइन धरायची असेल तर ९९७ डॉलर तिकडे घालवण्यापेक्षा ७५ तासांचा प्री-लायसन्सिंग कोर्स करा आणि परीक्षा द्या. आपल्याकडे रेफरल कंपनीखाली लायसन्स ठेवायची सोय आहे, घरं दाखवत फिरायचं नाही, फक्त ओळखी पाठवायच्या. पैसे मात्र तुमच्या ब्रोकरमार्फत येतात, इन्व्हेस्टरने परस्पर तुमच्या हातावर चेक ठेवायचा नाही.

मृद्गंध_एनजे:
बापरे, बरं झालं विचारलं. वहिनी, खूप आभार. अजून एक, नवरा म्हणतो तो एक्सेलमध्ये चांगला आहे, रात्री तासभर बसून यादी तोच करेल. चालेल ना?

रांगेतला_पाईक:
नाही, नाही, नाही. नवऱ्याला हात लावू देऊ नका. एच१ वर ज्या कंपनीने स्पॉन्सर केलंय तिचंच काम करता येतं, वर पैसे मिळणारं साइड काम म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेत स्वतःच्या हाताने धोंडा पाडून घेणं. तुमच्या ईएडीवर तसं बंधन नाही, स्वतःचा धंदाही करता येतो, पण काम तुमचं, बिल तुमच्या नावाचं, १०९९ (पैसे देणारा वर्षाअखेरी देतो तो टॅक्सचा फॉर्म) तुमच्या नावाचा. १०९९ आला नाही तरी उत्पन्न दाखवायचंच. खर्च वजा जाता ४०० डॉलर किंवा जास्त उरले की १५.३ टक्क्यांचा सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स लागतो, इन्कम टॅक्स वेगळा. ५०० मधले हातात किती उरतात ते एकदा मांडून बघा.

आणि लोकांना फोन करायला सांगितलं तर डू नॉट कॉल लिस्ट (विक्रीचे फोन नकोत म्हणून नोंदवलेल्या नंबरांची सरकारी यादी) तपासल्याशिवाय करू नका, एकेका कॉलला ५०० डॉलरपर्यंतचा दावा लागू शकतो, मुद्दाम केलं म्हणून ठरलं तर १५००.

पलीकडच्या_बाजूचा:
मी सहसा नुसतं वाचतो, पण यावर लिहितो. २०१० मध्ये आमचंच घर त्या यादीत होतं. नोकरी गेली, पाच महिने हप्ते थकले, आणि केस दाखल झाली त्या आठवड्यापासून पेटी भरून पत्रं. पिवळ्या कागदावर निळ्या शाईत, "मी तुमच्या गल्लीतून जात होतो, तुमचं घर फार आवडलं." बायकोने बोट ओलं करून शाईवर फिरवलं, पसरली नाही, छापील होती. दुसऱ्या दिवशी तेच अक्षर, नाव वेगळं. एक जण तर दारात येऊन उभा, मुलाने दार उघडलं, त्याला विचारतो बाबा घर कधी सोडणार. तोपर्यंत आम्ही मुलांना काही सांगितलं नव्हतं.

घर वाचलं आमचं. हडची (केंद्र सरकारच्या घरबांधणी खात्याची) मान्यता असलेला काउन्सेलर असतो, फुकट, त्याने कागद लावून दिले आणि तेव्हाच्या हॅम्प या सरकारी योजनेत हप्ता कमी झाला. आता ती योजना नाही, २०१६ लाच बंद झाली, काउन्सेलर अजून आहेत. त्या ढीगभर पत्रांत एकानेही हे लिहिलं नव्हतं, अर्थात लिहिलं तर त्यांचं डील जातं. न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियात तर अशा मालकाने घाईत सही केली तरी ठरावीक मुदतीत करार मोडता येतो असा कायदा करावा लागला, उगाच नाही.

ताई, यादी करायची तर करा, रिकाम्या, कुणी राहत नसलेल्या घरांची करा. राहत्या घरांची तुमच्याकडून कशाला.

जुना_खेळाडू_टेक्सास:
हं. मी पण पिवळ्या कागदावरच लिहायचो. हाताने लिहायचो, पण पिवळ्यावरच.

मृद्गंध_एनजे:
अपडेट देते. काकांना कळवलं की तासाचे २० डॉलर, फक्त रिकामी घरं, फोन करणार नाही, आणि दोन ओळी लिहून द्या. काका म्हणाले, "अगं सगळेच करतात, कागद कशाला हवा?" मी म्हटलं वकिलाला दाखवायचाय. तो मेसेज गेल्या रविवारी गेलाय, निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही. वहिनी, त्या ७५ तासांच्या कोर्सची फी साधारण किती पडते?