तीन वर्षांआधी शिकवायचं काय?
'तीन वर्षांपर्यंत मूल खातं-झोपतं, त्याला शिकवायचं काय?' असं अनेकजण विचारतात. शिकवायचं नाहीच, बोलायचं! तेल लावताना 'हा हात कुणाचा?' विचारून जरा थांबा. बाळ हुंकार देतं, मग पुढचं बोला. अशा देवाणघेवाणीतून मेंदू घडत जातो. मोबाइलवरचं गाणं बाळासाठी थांबतच नाही.

आणि इतक्या लहान मुलांकडे लक्ष देणं हे पैसेवाल्यांचं खूळ नव्हे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं, पुढे सहकारी अनुताई वाघांसोबत जवळच्या कोसबाडला. पाड्यावरची (आदिवासी वस्तीतली) मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच पाड्यातल्या अंगणात भरवली. धाकट्याला सांभाळायला मोठी बहीण घरी अडकते, म्हणून 'विकासवाडी' या त्यांच्या प्रयोगात शाळेच्या जोडीला पाळणाघरही आलं. आजच्या महागड्या प्लेस्कूलना पाळण्यातलं भावंड दिसतं तरी का?