हॉट टबच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र का जोडायचे नाही?

परसदार_एनजे:
नमस्कार. न्यू जर्सीतील आमच्या घरामागे २४० व्होल्ट, ५० अँपिअरचा हॉट टब बसवला आहे. मुख्य पॅनेलपासून टबजवळच्या छोट्या पॅनेलपर्यंत काळी आणि लाल (दोन्ही हॉट, म्हणजे फेज), पांढरी (न्यूट्रल) आणि हिरवी (अर्थिंग) अशा चार वायरी आणल्या आहेत. हीटर व्यवस्थित चालतो, परंतु १२० व्होल्टचा छोटा पंप सुरू होताच जीएफसीआय (विजेची गळती ओळखून वीज तोडणारा) ब्रेकर पडतो. इलेक्ट्रिशियन पुन्हा येण्यापूर्वी मला एक गोष्ट समजून घ्यायची आहे. मुख्य पॅनेलमध्ये पांढऱ्या आणि हिरव्या वायरी एकमेकींना जोडलेल्या असतात, मग छोट्या पॅनेलमध्येही त्या जोडल्या तर काय बिघडेल?

तांब्याची_तार:
तुमच्या प्रश्नातच निदान दडलेले आहे. हा ब्रेकर दोन्ही हॉट वायरींतून गेलेला प्रवाह न्यूट्रलसह पूर्ण परत येतो की नाही, हे सतत पडताळत असतो आणि सुमारे ५ मिलिअँपिअरची तूट दिसताच पडतो. हीटर केवळ दोन हॉट वायरींवर चालत असल्यामुळे त्याला न्यूट्रल लागत नाही. छोट्या पंपाचा प्रवाह मात्र पांढऱ्या वायरीनेच परततो. टबकडून आलेली ती वायर ब्रेकरच्या न्यूट्रल टर्मिनलऐवजी थेट न्यूट्रल पट्टीवर कसली असेल, तर तो प्रवाह ब्रेकरला वळसा घालून जातो आणि ब्रेकरला ती गळती वाटते. पट्टीवर जायची असते ती ब्रेकरचीच वेटोळे घातलेली पांढरी वायर. या दोन पांढऱ्या वायरींची गल्लत फार वेळा होते, तेव्हा इलेक्ट्रिशियनला आधी तीच जागा दाखवा.

आता एकत्र जोडण्याविषयी. न्यूट्रल आणि अर्थिंग यांची गाठ मुख्य पॅनेलमध्ये, एकाच ठिकाणी असते. छोट्या पॅनेलमध्ये ती पुन्हा मारली, तर परतीचा प्रवाह हिरव्या वायरीतूनही वाहू लागतो, आणि मुख्य पॅनेलकडून येणारी न्यूट्रल कधी सैल झाली तर टबच्या धातूच्या भागांवर व्होल्टेज येऊ शकते. पाण्यात बसलेल्या माणसाच्या दृष्टीने याहून वाईट काही नाही. शिवाय ही गाठ ब्रेकरच्या अलीकडे, म्हणजे मुख्य पॅनेलच्या बाजूला असल्याने ब्रेकर ती पकडतही नाही; सारे सुरळीत चालल्यासारखे दिसते. म्हणून पॅनेलसोबत पट्टी आणि पेटी जोडणारा हिरवा स्क्रू मिळाला असेल, तर तो बसवू नये.

मुळशीकर:
आमच्याकडे २३० व्होल्टचा टब असून त्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती ओळखणारा ब्रेकर) आहे. टब बंद असतानाही बागेतील दिवे लावले की तो पडतो. हा त्याच जातीचा दोष आहे का?

तांब्याची_तार:
होय, बहुधा. दिव्यांचा फेज दुसऱ्या एमसीबीवरून (साध्या ब्रेकरवरून) आणि न्यूट्रल या आरसीसीबीच्या पुढील बाजूने घेतला असावा. आरसीसीबीतून न गेलेला प्रवाह त्यातून परत येऊ लागला की तो पडणारच. आरसीसीबी काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. डीबीमध्ये (ब्रेकरांच्या पेटीत) दिव्यांचा न्यूट्रल त्यांच्या फेजच्याच बाजूला हलवून घ्या.

परसदार_एनजे:
इलेक्ट्रिशियनने आज वीज बंद करून पॅनेल उघडले. टबची पांढरी वायर पट्टीवरच होती. ती ब्रेकरवर घेतल्यापासून पंप चालू आहे. हिरवा स्क्रूही बसवलेला निघाला, तो काढला.