भाव न करणारं गिऱ्हाईक : जुनं सामान ऑनलाइन विकतानाचे अनुभव (नाशिक)

दिवाळीआधी घर आवरायला घेतलं की अर्धं नाशिक काही ना काही विकायला काढतं. सोफा, इन्व्हर्टर, पोरांच्या लहान झालेल्या सायकली. पूर्वी हे ओळखीत जायचं, नाहीतर भंगारवाल्याच्या हातगाडीवर. आता फोटो काढून ॲपवर टाकला की चहा गार व्हायच्या आत फोन वाजतो. त्यातले बरेच फोन घेणाऱ्यांचे नसतातच.

"ओटीपी सांगू नका" हे शेंबड्या पोरालाही पाठ झालंय. तरी माणसं फसतात, कारण विकणाऱ्याकडे समोरचा काही मागतच नाही. तो पैसे देतो म्हणतो, आणि देणाऱ्यावर संशय घ्यायची आपल्याला सवय नाही. म्हणून या धाग्यावर उपदेश नकोत, टोपणनावानं संभाषण लिहा. पहिला फोन कसा आला, कुठल्या वाक्याला कान टवकारले, पुढे काय झालं. नाव, नंबर, ॲप यांतलं काही लिहू नका.

माझं आधी सांगते. इंदिरानगरच्या घरातलं लाकडी कपाट काढायचं होतं, किंमत टाकली १२,०००. पहिलाच फोन : "मॅडम, कपाट है ना? फायनल समझो." लाकूड कुठलं ते विचारलं नाही, उंची विचारली नाही, लिफ्टमध्ये मावेल का हेही नाही. "भाव कमी नको का?" असं मीच विचारलं, तर म्हणे "आपने सोच के ही लगाया होगा." तिथेच फोन ठेवला. कपाट शेवटी पंचवटीतल्या एका काकूंनी नेलं. दारं दहादा उघडून-मिटून पाहिली, मागच्या प्लायवर टकटक केलं, पंधराशे पाडले आणि टेम्पोचं निम्मं भाडंही माझ्याकडूनच काढलं. गिऱ्हाईक असं असतं.

कॅम्पवाला

देवळालीचा आहे म्हणून हे लिहायलाच हवं. आपल्याकडे फौजी म्हटलं की माणूस विरघळतो. तोफखान्याचं स्कूल इथेच, गल्लोगल्ली निवृत्त सुभेदार. ठगांना हे पक्कं ठाऊक आहे.

आम्ही वॉशिंग मशीन विकायला टाकलं होतं. फोन आला, "आर्टिलरी सेंटर से बोल रहा हूँ, नई पोस्टिंग है." लगेच व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो, कॅंटीन कार्ड, आधार. आपण मागायच्या आधीच कागद हजर! मग म्हणाला, ड्यूटी सोडून येता येणार नाही, आर्मीची गाडी येऊन मशीन उचलेल, आणि "हमारा पेमेंट सिस्टीम अलग होता है, पहले आप पाँच रुपया भेजो, मैं दस भेजता हूँ." हे दहा रुपये खरंच येतात. ते गळाचं आमिष. पुढची पायरी पूर्ण रकमेची असते.

सासरे तोफखान्यातूनच निवृत्त झालेले. त्यांनी फोन हातात घेतला, हिंदीत तब्येतपाणी विचारलं आणि म्हणाले, "बेटा, मी रिक्षानं दहा मिनिटांत गेटवर येतो. पहारेकऱ्याला निरोप दे." फोन कट, नंबर ब्लॉक.

एक विनंती. ते कार्ड "हा बघा ठग" म्हणून ग्रुपवर फिरवू नका. बहुतेक वेळा ते कुणा खऱ्या जवानाचं चोरलेलं असतं, आणि बिचाऱ्याचा चेहरा गावभर होतो.

काउंटर नंबर ३

बँकेत आहे. रोज कुणीतरी येऊन विचारतं, "मी तर पैसे घेत होतो, मग गेले कसे?"

यूपीआयमध्ये पैसे यायला तुम्हाला काहीही करावं लागत नाही. पिन लागतो तो पैसे जाताना (आणि शिल्लक बघताना). क्यूआर स्कॅन करतो तो पैसे देणारा. तुम्ही विकताय आणि समोरचा तुम्हालाच स्कॅन करायला सांगतोय, तर गंगा उलटी वाहतेय. पूर्वी कलेक्ट रिक्वेस्ट (ॲपमधून पैशांची मागणी) पाठवून फसवायचे. व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, त्यामुळे सध्या जोर क्यूआरच्या फोटोवर आहे. फोटोखाली मोठ्या अक्षरांत "रिसीव्ह ₹१२,०००" टाइप केलेलं असतं. ते त्यानं स्वतः लिहिलेलं. स्कॅन केल्यावर तुमच्या ॲपमध्ये मात्र "पे" असंच येतं, आणि नेमकं तेवढंच कुणी वाचत नाही, कारण कानाला फोन आणि पलीकडून घाई.

दुसरं, खात्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज. बँकेचा मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही, अक्षरी नावानं येतो. २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षरही असतं : व्यवहाराला टी, सेवेला एस, जाहिरातीला पी. पण एवढं लक्षात ठेवण्यापेक्षा आपल्या ॲपमध्ये शिल्लक बघा.

येवल्याची

आमच्या घरी माग आहे. पैठणीचे फोटो मी स्टेटसला आणि इन्स्टावर टाकते. पुण्याच्या म्हणून एका बाईंनी साडी पसंत केली, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला, "माझा भाऊ नाशकात आहे, तो आजच घेऊन जाईल." खात्यात काही नाही. म्हटलं, ताई पैसे दिसत नाहीत. तर म्हणे, "गावाकडच्या बँकेत उशिरा दिसतात, मी काय खोटं बोलते का? भाऊ दारात उभा आहे." खरंच मोटारसायकलवर एक मुलगा उभा होता. त्याला विचारलं तर तो कुणाचा भाऊबिऊ नव्हता, पार्सल उचलायला भाड्यानं पाठवलेला.

स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. यूपीआयचा रेफरन्स नंबर बारा आकडी असतो, यात अकराच होते. आणि माझ्या नावाचं स्पेलिंग तिनं चुकवलं होतं, बँकेत ते बरोबर आहे. त्या मुलाला पाणी दिलं, परत पाठवलं. त्याचं भाडंही बुडालंच म्हणायचं.

कॉलेज रोड, हॉस्टेल

माझा किस्सा समोरासमोरचा. लॅपटॉप विकायचा होता, कॅफेत भेटलो. मुलगा आमच्याच वयाचा, छान मराठी बोलणारा. लॅपटॉप पाहिला, थोडा भावही केला (म्हणजे धागाकर्तीची परीक्षा पास!). मग माझा क्यूआर स्कॅन केला, हिरवी टिक आली, टिंग वाजलं. माझ्या फोनवर काहीच नाही. "सर्व्हर डाऊन असेल रे, अर्ध्या तासात येतील, मी निघू का?" खोटी पेमेंट ॲपं मिळतात, त्यात रक्कम टाकली की टिक आणि आवाज दोन्ही येतात. मी म्हटलं, हरकत नाही, अर्धा तास बसू, चहा माझ्याकडून. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो. चहा यायच्या आत तो "गाडी नो पार्किंगला आहे" म्हणून उठला, तो आलाच नाही. दोन्ही चहा मीच प्यायलो.

पाथर्डी फाटा

भाड्याच्या फ्लॅटसाठीही हाच खेळ. घर न बघताच डिपॉझिट देतो म्हणणारा "सीआयएसएफ"वाला, म्हणजे केंद्रीय सुरक्षा दलाचा जवान असल्याचं सांगणारा. सिंहस्थ तोंडावर आलाय, खोल्यांच्या जाहिराती टाकणाऱ्यांनी वरचं क्यूआरचं दोनदा वाचावं. बाकी काही वेगळं नाही.

घासाघीस न जमणारा

थोडी दुसरी बाजू. मला भाव करता येत नाही. किंमत बरी वाटली की "घेतो" म्हणतो, आणि आता सगळे माझ्यावरच संशय घेतात. गंगापूर रोडला ट्रेडमिल घ्यायला गेलो, काकांनी आधी आधार बघितलं, मग गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढला, रोख नोटा उजेडात धरून मोजल्या. एवढं झाल्यावर दुसऱ्या मजल्यावरून ट्रेडमिल मला एकट्याला उतरवायला लावलं.

निफाडहून

गाडी विकणाऱ्यांसाठी. मित्राकडे बुलेट बघायला आलेला माणूस "चक्कर मारून येतो, माझी गाडी ठेवतो तोवर" म्हणाला. ठेवलेली गाडी चोरीची निघाली. बुलेट गेली ती गेलीच, वर चोरीची गाडी दारात कशी, याची उत्तरं देत बसावं लागलं. चक्कर मारायची तर विकणारा मागे बसलाच पाहिजे.

यात मोडत नाही, पण महाग पडतं असं आणखी एक. पैसे घेतले, चावी दिली, टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या) सह्या करून दिल्या आणि विसरून गेलो, असं करू नका. एमएच-१५ची गाडी जोवर तुमच्या नावावर आहे तोवर चलान तुम्हाला आणि अपघात झाला तर कोर्टही तुम्हाला. नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. फॉर्म २९ देऊन विक्रीची माहिती आरटीओला १४ दिवसांत कळवायची असते. घेणारा म्हणतो "मी करतो सगळं", आणि पेठ रोडच्या आरटीओकडे फिरकतही नाही.

अंबड एमआयडीसी

वर्कशॉपमधलं जुनं ड्रिल मशीन विकलं. पैसे खरोखर आले, उलट दहा हजार जास्तच आले. लगेच फोन : "चुकून जास्त गेले, माझ्या भावाच्या नंबरवर टाकता का?" आमच्या हिशेबनीस बाई टाकायलाच निघाल्या होत्या. मी अडवलं, कारण ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत का नकोत? हे त्याला विचारलं तर आवाज चढला, मग रडारड. काउंटर नंबर ३, यात नेमकी भानगड काय असते?

काउंटर नंबर ३

तो पैसा बहुधा तिसऱ्याच कुणाला फसवून आलेला असतो. त्यानं तक्रार केली की पैसा जिथे जिथे गेला ती खाती अडकतात. तुम्ही दहा हजार "भावाला" दिले, तरी माग तुमच्या खात्यापर्यंत येणारच. खात्यात पैसे असून पगार वाटता येत नाही, अशी कारखान्यांची अवस्था पाहिली आहे. स्वतः काही परत करू नका, शाखेत लेखी कळवा. ज्या खात्यातून आले तिथेच बँकेमार्फत जाऊ द्या. मशीनचं बिल, गेट पास, संभाषण सगळं जपून ठेवा.

जेल रोड

आईचं सांगतो. शिलाई मशीन विकायला काढलं, क्यूआर स्कॅन केला, पैसे गेले. तिनं मला सांगायला संध्याकाळ केली, कारण मी ओरडेन असं वाटलं तिला. घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की ओरडणार नाही, लगेच सांग. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन आणि सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, दोन्ही जितक्या लवकर तितकं बरं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असतात, मधल्या बँकेनं वेळेत धरले तर धरले. आमची थोडी रक्कम होल्ड झाली, बाकीची एटीएममधून निघून गेली होती. फोन करताना रेफरन्स नंबर, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी लागतो, म्हणून रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका.

होल्ड झालेल्या पैशांसाठी आमची खटपट चालूच होती, तेवढ्यात आईला नवा फोन. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पूर्ण पैसे सापडले, फक्त दोन हजार प्रोसेसिंग फी भरा." तक्रार केलेल्यांनाच गाठणारी ही दुसरी टोळी. आई शांतपणे म्हणाली, "त्यातूनच कापून घे ना बाबा, उरलेले पाठव."